टाके सुकले, पण आतली जखम अजून भरतेय

पत्र लिहिणाऱ्या ताई ४६ वर्षांच्या आहेत. सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी त्या घरातूनच पोळी-भाजी केंद्र चालवतात. हाताखाली दोन बायका आहेत. दोन-अडीच वर्षं पाळीत अंगावरून फार जायचं, गर्भाशयात गाठी होत्या, हिमोग्लोबिन ७ वर आलं होतं. २४ दिवसांपूर्वी दुर्बिणीतून पिशवी काढली. पोटावर चार बारीक टाके, तेही आता सुकले. तरी दुपारी अंग गळून जातं, रात्री एकाएकी घाम फुटतो आणि कारण नसताना रडू येतं. सासूबाई म्हणतात, ‘माझं तर पोट फाडून झालं होतं, पंधराव्या दिवशी भांगलणीला गेले.’ शेजारीण म्हणते, तीन महिने पाण्याचा तांब्यासुद्धा उचलू नकोस. मिस्टर काही बोलत नाहीत, पण ऑपरेशन झाल्यापासून बाहेरच्या खोलीत झोपतात. दर वर्षीप्रमाणे गौरीच्या जेवणासाठी दीडशे पुरणपोळ्यांची ऑर्डर आली आहे, ती ऑपरेशननंतरच्या सहाव्या आठवड्यात पडते. त्यांचे प्रश्न असे : ‘ऑर्डर घेऊ का? मी आळशी झालेय का? पिशवी गेली की बाई आतून रिकामी होते म्हणतात, ते हेच का? आणि माझ्या ३४ वर्षांच्या जावेला पांढरं जातं, कंबर दुखते, म्हणून तिलाही पिशवी काढायला सांगितलंय. तिला काय सांगू?’

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्या वेळी लक्षात आलं की सासूबाई काय म्हणतात, शेजारीण काय म्हणते, हे सगळं तुम्ही लिहिलंय, पण घरी सोडताना तुमच्या डॉक्टरांनी काय सांगितलं, त्याचा पत्रात एक शब्दही नाही. यात तुमची चूक नाही. स्त्रीरोग वॉर्डात मी सिस्टर म्हणून २६ वर्षं काढली, डिस्चार्जचा दिवस मला पाठ आहे. बिलाची गडबड असते, खाली रिक्षा उभी असते, औषधांची पिशवी कुणाच्या तरी हातात असते. डॉक्टर सांगत असतात, बाई मान हलवत असते, आणि मनात घरी दूध तापवलं असेल की नाही याचा विचार चालू असतो. म्हणून जे तेव्हा कानांवरून गेलं, ते आज सावकाश बोलू.

आधी त्या चार टाक्यांचं. ते सुकले म्हणून तुम्ही स्वतःला बरी समजताय, आणि तुमच्या सगळ्या गोंधळाचं मूळ तिथेच आहे. पोटावरची ती चार भोकं म्हणजे दुर्बीण आणि हत्यारं आत घालायच्या वाटा. तुमची खरी जखम दिसतच नाही. गर्भाशय जिथे योनीमार्गाला जोडलेलं असतं, तिथून ते कापून वेगळं करतात आणि योनीमार्गाचं वरचं तोंड शिवून बंद करतात, करंजीची कड दाबून मिटवावी तसं. गर्भाशयाला दोन्ही बाजूंनी धरून ठेवणारे बंध आणि रक्ताच्या नळ्या बांधून कापलेल्या असतात. पोट उघडून करा, खालून करा किंवा दुर्बिणीतून करा, आतलं हे काम तेच असतं. दुर्बिणीचा फायदा खरा आहे. दुखणं कमी, दवाखान्यातले दिवस कमी, बाई लवकर चालायला लागते. पण आतली शिवण काही दुर्बिणीने केली म्हणून लवकर भरत नाही. तिला सहा आठवडे तरी लागतातच. अनेक डॉक्टर आठ ते बारा आठवडे जपायला सांगतात, आणि त्यांचं बरोबर आहे. ही शिवण उसवणं क्वचितच घडतं, पण घडतं तेव्हा ते पोट उघडून केलेल्यांपेक्षा दुर्बिणीतून केलेल्यांत थोडं जास्त दिसतं.

हे सदर वाचणाऱ्या कुणाचं ऑपरेशन येत्या आठवड्यात असेल, म्हणून पहिल्या दिवसांबद्दल थोडं सांगते. तुम्ही तो टप्पा ओलांडलाय. दुर्बिणीसाठी पोटात गॅस भरून पोट फुगवतात. तो थोडा मागे राहतो आणि दोन-तीन दिवस खांद्यात कळ मारते. ऑपरेशन पोटाचं आणि दुखतोय खांदा, म्हणून बायका घाबरतात. वॉर्डात हा प्रश्न मला कितीदा विचारला गेला असेल त्याला गणती नाही. चालत राहिलं की ते आपोआप जातं. उठताना सरळ उठून बसायचं नाही. आधी कुशीवर वळायचं, पाय पलंगाखाली सोडायचे आणि हाताच्या रेट्याने बसतं व्हायचं. खोकला, शिंक आली तर पोटावर उशी धरायची. आणि शौचाला जोर करायचा नाही. बद्धकोष्ठता या दिवसांत हमखास होते, वेदनेच्या गोळ्यांनीही होते आणि लोहाच्या गोळ्यांनीही. भरपूर पाणी, पपई, पालेभाजी, रात्री इसबगोल, आणि तरी झालं नाही तर डॉक्टरांनी दिलेलं पातळ औषध संकोच न करता घ्यायचं. शौचाला कुंथणं म्हणजे त्या आतल्या शिवणीवर सरळ दाबच.

आता तुमचा चौथा आठवडा. दुपारी तीनच्या सुमाराला अंगातला जीव काढून घेतल्यासारखं होतं असं तुम्ही लिहिलंय. ते तसंच होतं. सकाळी बरं वाटतं, म्हणून बाई थोडं आवरते, थोडी भाजी चिरते, आणि दुपारी आडवी पडते. शरीर रात्रंदिवस आतली जखम विणत असतं, त्याचा खर्च असा बाहेर दिसतो. शिवाय तुमचं हिमोग्लोबिन ७ होतं. ऑपरेशनच्या आधी रक्त किंवा लोहाचं इंजेक्शन दिलं असेल, तरी अडीच वर्षांत रिकामी झालेली कोठी एका महिन्यात भरत नाही. लोहाची गोळी चालू आहे ना? ती चहाबरोबर घेऊ नका. चहाने लोह अंगी लागत नाही. चहात आणि गोळीत तासा-दोन तासांचं अंतर ठेवा, गोळीबरोबर लिंबू-पाणी घ्या. शौचाला काळं होईल, त्याला घाबरू नका. पुढच्या तपासणीला रक्त तपासून घ्या. दुपारची झोप तर घ्याच, ती आत्ता औषधात मोडते.

खाण्याच्या बाबतीत घरात भात बंद केलाय का? भाताने टाके पिकतात, दह्याने पू होतो, हे मी कोल्हापूर-सांगलीकडच्या प्रत्येक दुसऱ्या घरात ऐकलंय. टाके पिकतात ते जंतूंमुळे, आणि साखरेचा आजार आटोक्यात नसेल तर जास्त. भात, दही, ताक, सगळं खा. जखम भरायला प्रथिनं लागतात : डाळ, उसळ, दूध, चालत असेल तर अंडी. डिंकाचे लाडू करायचे तर करा, मायेने केलेलं असतं ते, पण दिवसाला एक पुरे. बाळंतपणासारखं तूप-साखर खाऊन आणि पलंगावर बसून वजन वाढतं, मग बाया म्हणतात पिशवी काढल्याने सुटले.

थोडंसं गुलाबी, तपकिरी अंगावरून अजून जात असेल. चार-सहा आठवडे ते चालतं. आतले टाके विरघळतात, त्यांचा दोराही कधी पॅडवर दिसतो. मात्र काही गोष्टींत सहा आठवड्यांच्या तपासणीची वाट बघत बसायचं नाही. लाल रक्त येऊन तासाभरात पॅड भिजलं, घाण वासाचं पाणी जाऊ लागलं, ताप १००.४ च्या वर गेला, लघवी अडली किंवा जळजळ होऊन थंडी वाजली, पोटदुखी उतरायच्या ऐवजी चढत गेली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. एकाच पायाची पोटरी सुजून दुखायला लागली किंवा बसल्याजागी दम लागला, तर रात्र असली तरी निघायचं, कारण पायात धरलेली रक्ताची गुठळी फुप्फुसात जाऊ शकते. योनीमार्गातून पाणी सतत झिरपत राहिलं, कपडे ओले होत राहिले, तर ‘ऑपरेशननंतर असं होतच असेल’ म्हणून गप्प बसू नका. लघवीच्या पिशवीला किंवा नळीला इजा झाली असू शकते आणि तिच्यावर उपाय आहे. लाजेपायी महिनोन् महिने कापडाच्या घड्या ठेवून वावरणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत.

आता तुमच्या शेजारणीचा तांब्या. तो उचला. चालणं, स्वतःची अंघोळ, चहा करणं, बसून भाजी निवडणं, हे तर हवंच. आडवं पडून राहिलं तर गुठळीचा धोका वाढतो, पोट साफ होत नाही आणि मनही खचतं. जपायचं आहे ते वजनाला. सहा आठवडे चार-पाच किलोच्या वर काही उचलायचं नाही. पाच किलो म्हणजे किती, ते आपल्या घरातल्या वस्तूंवरून बघा. वरणभाताचा मोठा कुकर भरला की तिथवर जातो. पाण्याची भरलेली कळशी त्याच्या पुढे. बादली पंधरा किलो. गॅसचं भरलेलं सिलिंडर तर तीस किलोच्या आसपास, ते सरकवायचंही नाही. नातवंड, भाचरू अंगावर झेपावलं तर बसून मांडीवर घ्यायचं.

मला हे सगळं ठाऊक होतं. माझं स्वतःचं ऑपरेशन ४९व्या वर्षी, पोट उघडून झालं. सतराव्या दिवशी मला अगदी बरं वाटत होतं. मुलगा कॉलेजात गेलेला, घरात कुणी नाही, आणि मोरीत भिजवलेल्या चादरींची बादली तशीच. ती मी उचलून बाल्कनीत नेली. काहीच झालं नाही. कुठे कळ नाही, काही नाही. दोन चादरी पिळून वाळत घातल्या. संध्याकाळी देवापुढे दिवा लावताना वाकले तेव्हा साडीला ओल लागली. ताजं लाल रक्त. रात्री दवाखान्यात तपासणीच्या टेबलावर पडून छताकडे बघताना हजारदा दुसऱ्यांना सांगितलेलं वाक्य मला आठवत होतं. नशिबाने शिवण शाबूत होती, दोन आठवडे जास्त विश्रांतीवर निभावलं. ‘दुखत नाही म्हणजे चालतंय’ हा हिशेब इथे लागू पडत नाही, तो का, हे मला त्या रात्री कळलं. आतली ती जागा दुखून आधी सांगत नाही.

म्हणून तुमच्या ऑर्डरीकडे मी याच नजरेने बघते. दीडशे पुरणपोळ्या म्हणजे पाचेक किलो डाळ. ती शिजून पाण्यासकट पातेलं उतरवायचं म्हणजे पंधरा किलोच्या पुढे. मग गरम डाळ चाळणीवर ओतणं, गूळ घालून घट्ट होईपर्यंत उलथन्याने खालून ढवळणं, पुरणयंत्र फिरवणं, कणीक तेल-पाणी लावून तिंबणं. कणीक तिंबताना आपण हाताने जोर लावतो असं वाटतं, पण एकदा दुसरा हात ओटीपोटावर ठेवून बघा, पोट कसं दगडासारखं होतं. आणि मग जमिनीवर पोळपाट घेऊन चार-पाच तासांची बैठक. सहाव्या आठवड्यात, तेही डॉक्टरांनी आतली शिवण तपासायच्या आधी, हे काम तुम्ही स्वतःच्या हाताने करू नये. यात मला शंका नाही.

पण ‘ऑर्डर नाकारा आणि झोपून राहा’ असंही मी म्हणणार नाही. गिऱ्हाईक एकदा दुसरीकडे वळलं की परत येताना किती उशीर लावतं, हे तुम्ही माझ्याहून चांगलं जाणता. तुमच्या दोन बायकांपैकी जी पोळी पातळ लाटते तिला पुढे करा, तिसरी आठ दिवसांसाठी रोजाने लावा. पुरण आदल्या दिवशी करून घ्या आणि पातेली उतरवायला घरातले पुरुष बोलवा. मिरवणुकीत गणपती उचलतात, पातेलं उचलतील. तुम्ही खुर्चीवर बसून पुरणाची चव बघा, जायफळ-वेलची तुमच्या हाताने घाला, मोजून डबे भरा, पैसे घ्या. आणि ऑर्डर दीडशेची ऐंशी करा. तिसऱ्या बाईचा रोज गेल्यावर हातात कमी उरेल हे मी धरून चालले आहे. ते या वर्षीच्या औषधपाण्यात धरा. आणि दोन तासांच्या वर सलग बसायचं नाही, मध्ये उठून अंगणात फेरी मारायची.

नोकरी करणाऱ्या, शेतात जाणाऱ्या वाचकांनीही कामाकडे असंच बघावं. ‘कामावर कधी जाऊ?’ या प्रश्नाला एक उत्तर नाही. टेबलाजवळ बसून काम असेल तर दुर्बिणीनंतर तीन-चार आठवड्यांत काहीजणी जातात. पोट उघडून झालं असेल तर सहा ते आठ आठवडे धरा. ओझ्याचं, वाकण्याचं काम असेल तर आणखी. स्कूटर चालवायची तर अचानक ब्रेक मारताना पोटात कळ येत नाही ना, ते आधी बघायचं, आणि आपल्याकडच्या रस्त्यांवर मी सहा आठवड्यांच्या आत कुणालाच चालवू देणार नाही. पोटाला पट्टा बांधला की चालताना आधार वाटतो, तेवढाच त्याचा उपयोग. तो आतलं भरून आणत नाही. आणि पट्टा नाही बांधला म्हणून पोट सुटतं असंही नाही.

तुम्ही विचारलंत, मी आळशी झालेय का. हा शब्द पत्रात दुसऱ्या कुणाच्याही तोंडी नाही, ताई. सासूबाईंच्याही नाही. तो तुमचाच आहे. पहाटे पाचला उठून शंभर पोळ्या लाटणारी बाई चोवीस दिवस लाटणं हातात न घेता बसली की तिला स्वतःचीच ओळख पटेनाशी होते, आणि मग ती स्वतःला नावं ठेवते.

सासूबाईंच्या वाक्याबद्दल मला जास्त बोलायचं आहे. त्या पंधराव्या दिवशी भांगलायला गेल्या, हे खरं असेल. पण त्या तब्येत ठणठणीत झाली म्हणून गेल्या का? की गेल्याशिवाय भागत नव्हतं म्हणून? त्या काळात त्यांना दोन महिने बसवून खायला घालणारं घरात कुणी होतं का? हे त्यांना एकदा विचारा. वाद घालायला नाही, दुपारी दोघीच असाल तेव्हा, शेंगा फोडत बसल्या असाल तेव्हा. आणि हळूच हेही विचारा की खोकताना लघवी होते का, खाली ओझं उतरल्यासारखं वाटतं का. वयामुळे, बाळंतपणांमुळेही तसं होतं, एकट्या भांगलणीवर ढकलता येणार नाही. पण वॉर्डात ‘आम्ही तर लगेच कामाला लागलो’ असं सांगणाऱ्या कितीतरी म्हाताऱ्या बायकांनी मला तपासणीच्या पडद्यामागे ही तक्रार सांगितली आहे, सुनेला ऐकू जाऊ नये म्हणून आवाज बारीक करून. तुमच्या सासूबाईंना कदाचित पहिल्यांदाच कुणीतरी हे विचारेल. त्यांनाही दवाखान्यात नेता येईल, उपाय आहेत.

आता रात्रीचा घाम आणि रडू. इथे मला तुमच्या पत्रात एक गोष्ट सापडत नाही : तुमची अंडाशयं ठेवली आहेत की काढली? बहुतेक तुम्हालाही माहीत नसावं. डिस्चार्ज कार्ड काढा. त्यावर ऑपरेशनच्या नावापुढे इंग्रजी अक्षरं असतील. ‘टीएलएच’ म्हणजे दुर्बिणीतून पूर्ण गर्भाशय काढलं, ‘टीएएच’ म्हणजे पोट उघडून, ‘व्हीएच’ म्हणजे खालून. त्याच्यापुढे ‘बीएसओ’ लिहिलं असेल तर दोन्ही अंडाशयं आणि नळ्याही काढल्या आहेत. नुसतं ‘बीएस’ असेल तर फक्त नळ्या. कळलं नाही तर फोन करून सरळ विचारा. तुमच्या शरीरातून काय काढलं हे विचारण्यात कसला आगाऊपणा?

अंडाशयं शाबूत असतील तर पाळी येणार नाही, पण हार्मोन्स चालू राहतात. ऑपरेशनच्या धक्क्याने ती काही आठवडे मंदावतात, तेव्हा घाम, चिडचिड होते आणि पुढे निवळते. नैसर्गिक रजोनिवृत्ती मात्र एखाद-दोन वर्षं अलीकडे येऊ शकते. दोन्ही अंडाशयं काढली असतील तर एरवी हळूहळू काही वर्षांत येणारी रजोनिवृत्ती तुम्हाला एका रात्रीत आली आहे. गरम वाफा, घाम, झोप मोडणं, रडू, योनीमार्गाचा कोरडेपणा, हे सगळं त्यातून येतं. त्यात तुमच्या मनाचा कमकुवतपणा नाही. हाडांवर आणि हृदयावरही त्याचा परिणाम होतो, म्हणून कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि हार्मोनच्या गोळ्या किंवा जेल तुम्हाला चालतील का, हे डॉक्टरांशी बोला. पंचेचाळिशीच्या आत अंडाशयं काढलेल्या वाचकांनी तर हे बोलायलाच हवं. आणि रडू दोन-तीन आठवड्यांत ओसरलं नाही, झोप-भूक गेली, जगणं नको वाटू लागलं, तर मनाच्या डॉक्टरांकडे जायला उशीर करू नका.

त्याच कार्डाबरोबर दुसरा कागद शोधा, काढलेल्या पिशवीच्या तपासणीचा. आपण त्याला बायोप्सीचा रिपोर्ट म्हणतो. तो आठ-दहा दिवसांनी येतो आणि पुष्कळ घरांत आणायचाच राहून जातो. गाठी साध्या होत्या हे त्या कागदावर लिहिलेलं स्वतः बघा.

आतून रिकामं होण्याबद्दल. गाठी नसलेलं गर्भाशय मुठीएवढं असतं. ते काढलं की शेजारची आतडी तिथे सरकतात आणि जागा भरून जाते. पोकळी राहत नाही. बाईपण त्या मुठीएवढ्या अवयवात होतं असं मी मानत नाही, पण ज्यात तुमची मुलं वाढली त्याच्यासाठी दोन अश्रू आले तर ते वेडेपण नाही. मीही रडले होते, आणि त्या पिशवीने मला सात वर्षं छळलं होतं.

मिस्टर बाहेर झोपतात त्याचा अर्थ तुम्ही लावलाय की आता त्यांना तुमच्यात काही उरलेलं दिसत नाही. त्यांनी असं म्हटलंय का? वॉर्डाबाहेर उभे राहणारे नवरे मी खूप पाहिले. जखम कुठे आहे, किती आहे, झोपेत हात लागला तर काय होईल, यातलं कुणी त्यांना काही सांगितलेलं नसतं, आणि विचारायची लाज वाटते. बरेचसे भीतीनेच लांब होतात. तुमचे तसेच आहेत हे मी इथे बसून कसं सांगू? पण आज रात्री तुम्ही त्यांना हाक मारू शकता. शेजारी झोपायला, हात हातात घ्यायला कुठल्याही डॉक्टरांची मनाई नाही. मनाई आहे ती संबंधांना, आतली शिवण भरली असं तपासून सांगेपर्यंत, म्हणजे सहा ते आठ आठवडे, दुर्बिणीनंतर कधी बारा. पुढच्या तपासणीला त्यांना बरोबर घेऊन जा आणि त्यांच्यासमोरच विचारा. नंतर बहुतेक बायकांचं पूर्वीसारखंच होतं, आणि रक्तस्राव, दुखणं, पाळीची धास्ती गेल्याने पुष्कळजणींचं पूर्वीपेक्षा सुखाचं. कोरडेपणा वाटला तर त्यासाठी जेल आणि मलम मिळतं.

जावेच्या बाबतीत मी ठाम आहे. ३४ वर्षांच्या बाईला पांढरं जातं आणि कंबर दुखते, एवढ्यावर पिशवी काढायची नसते. पांढरं जाण्याचं कारण पुष्कळदा जंतुसंसर्ग असतो आणि तो गोळ्यांनी बरा होतो, गरज पडल्यास नवऱ्यालाही औषध देऊन. पिशवीच्या तोंडाची पॅप तपासणी, म्हणजे तिथल्या पेशी घेऊन कॅन्सरची सुरुवात तर नाही ना ते बघतात ती, करून घ्यावी. ‘सूज आहे, पुढे कॅन्सर होईल’ एवढंच कुणी सांगितलं असेल तर कागदपत्रं घेऊन सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात दुसरं मत घ्यावं. तुमच्या भागातल्या फडांवर बीडहून ऊस तोडायला येणाऱ्या बायका आठवा. खाडा पडला की दंड, म्हणून पाळीच परवडत नाही, आणि त्यात कॅन्सरची भीती घातलेली. २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या सरकारी समितीसमोर जी पाहणी आली, तिच्यात बीड जिल्ह्यातल्या ८२ हजारांहून अधिक ऊसतोड बायकांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली होती. तुमचं ऑपरेशन वेगळं. गाठी होत्या, रक्त ७ वर आलं होतं. जावेचं तसं काहीच पत्रात नाही. पाळीत फार जाणाऱ्या बाईलाही आधी गोळ्या असतात, गर्भाशयात बसवायचं हार्मोनचं साधन असतं. नुसती गाठ सोनोग्राफीत दिसली आणि त्रास नाही, तर बहुतेक वेळा तिच्यावर फक्त लक्ष ठेवतात. जावेला सांगा, ऑपरेशनची तारीख घेतली असेल तर पुढे ढकल. या तक्रारीत महिनाभर थांबून दुसरं मत घ्यायला वेळ असतो.

आणि तुम्ही गिऱ्हाइकांना फोन आजच करा. या वर्षी ऐंशीच पोळ्या होतील, त्या अमुक जणी लाटतील, पुरण माझ्या देखरेखीखाली होईल, असं स्पष्ट सांगा. गौर दोन दिवसांवर आल्यावर नकार दिला तर त्यांची पंचाईत होईल. आज सांगितलं तर उरलेल्या सत्तरांची सोय त्या दुसरीकडे करतील, आणि दसऱ्याला परत तुमच्याकडेच येतील.